मोडीच्या भावात इतिहास

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

गेल्या वर्षी सेमिस्टर संपलं तेव्हा माझ्या खिशात चक्क सहाशे रुपये शिल्लक होते. असं चार वर्षांत एकदाच झालं. त्या पैशांचं काय करायचं यावर रूममध्ये रीतसर चर्चा झाली, बिर्याणीचा ठराव बहुमताने पास झाला, आणि मी दुसऱ्या दिवशी मुंबईतल्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात जाऊन ते सगळे पैसे एका तांबड्या-काळ्या चकतीवर उडवून आलो. चकतीवर भलामोठा 'एम' होता. विक्रेता म्हणाला होता, "बायझंटाईन आहे. जस्टिनियन बादशहाचं. दीड हजार वर्षं जुनं!" रूमवर आल्यावर पार्टनरने ते उलटसुलट करून पाहिलं आणि निकाल दिला, "एम म्हणजे मेस. मेसचं कूपन आहे, जपून ठेव."

बायझंटाईन म्हणजे काय हे मलाही तोवर धड माहीत नव्हतं. दहावीच्या इतिहासात "१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले" एवढं एक वाक्य पाठ केलेलं. त्या वाक्याच्या आधीचं हजार-अकराशे वर्षांचं राज्य ते हेच. रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग, राजधानी कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल. तिथले लोक स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत. बायझंटाईन हे नाव नंतरच्या विद्वानांनी चिकटवलं. त्यांच्या सोन्याच्या मोठमोठ्या वस्तू युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. छंद म्हणून गोळा करणारे मात्र साध्या गोष्टींच्या मागे असतात. तांब्याची नाणी, कमरपट्ट्याची बकलं, पत्रावर लावायच्या शिशाच्या मोहरा, दुकानदाराची वजनं, किल्ल्या, गळ्यातले छोटे क्रूस. थोडक्यात, त्या काळच्या माणसाच्या खिशात, कमरेला आणि गल्ल्यात जे असायचं ते.

आणि ही तांब्याची नाणी वाचायला फार मजा येते, विशेषतः आपल्यासारख्यांना. तो 'एम' इंग्रजी नाहीच, तो ग्रीक 'म्यू'. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहायचे आणि म्यू म्हणजे ४०. चाळीस नुम्मी किमतीचं हे नाणं, त्याला फॉलिस म्हणतात. अनास्तासियस बादशहाने ४९८ साली ही पद्धत सुरू केली. 'कप्पा' असेल तर २०, 'आयोटा' असेल तर १०, 'एप्सिलॉन' असेल तर ५. (एप्सिलॉन म्हटलं की आपल्याला स्ट्रेन आठवतो, त्यांना सुट्टे पैसे आठवत असतील.) पुढे जस्टिनियनने ५३८ पासून त्यात आणखी भर घातली. म्यूच्या डाव्या बाजूला 'अन्नो', म्हणजे वर्ष. उजव्या बाजूला बादशहाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते रोमन आकड्यात. खाली टाकसाळीच्या गावाची अक्षरं. आणि म्यूच्या दोन पायांच्या मधे टाकसाळीतल्या कोणत्या खात्यात नाणं पाडलं त्याचं एक अक्षर. म्हणजे किंमत, वर्ष, कारखाना, शॉप नंबर, सगळं एका तांब्याच्या तुकड्यावर! आपल्याकडच्या बेअरिंगवर तरी एवढं कुठे असतं?

माझ्या नाण्यावर वर्ष तेरावं होतं. जस्टिनियन गादीवर आला ५२७ साली, म्हणजे हे नाणं ५३९-४० चं. त्या वर्षांतले फॉलिस साधारण २२ ग्रॅमचे आणि चांगले तळहात झाकतील असे असतात, असं वाचलं, आणि पोटात गोळा आला. माझं नाणं लॅबच्या तराजूवर भरलं ११.३ ग्रॅम. मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून वजन केलं, आर्किमिडीजने सांगितलं तसं. पाण्यात ९.७५ ग्रॅम. म्हणजे आकारमान १.५५ घनसेंटिमीटर, घनता जवळपास ७.३. तांब्याची घनता ८.९६. सात-साडेसात हे जस्त आणि कथलाच्या घरातलं. भिंगाखाली धरलं तर पृष्ठभागावर गोल गोल बुडबुडे आणि कडेभोवती एक बारीक रेघ. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये मोल्डिंगचा जॉब ज्याने केला आहे त्याला ती रेघ सांगावी लागत नाही. खरं नाणं दोन ठशांमध्ये हातोड्याने ठोकून पाडलेलं असतं, त्याला साच्याची शिवण असायचं कारणच नाही. माझे सहाशे रुपये ओतीव मालाला गेले होते.

वर्कशॉपच्या सरांना दाखवलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पण एक प्रश्न विचारला तो डोक्यात राहिला. "समज, हे खरं असतं. कुठून आलं म्हणाला विक्रेता?"

"तो म्हणाला लॉटमध्ये आलं, सर."

"मग खरं असूनही त्याने तुला काय सांगितलं असतं?"

त्या वेळी मला वाटलं, सर उगाच फिरवताहेत. नंतर कोल्हापूरची गोष्ट वाचली आणि पटलं. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४० च्या दशकात कांस्याच्या वस्तूंचा एक साठा मिळाला, त्यात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी मूर्ती होती. अगदी अस्सल रोमन जगातली. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी त्या टेकडीवर उत्खनन केलं. आज ती मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. आता बघा, हीच मूर्ती रोममधल्या एखाद्या दुकानाच्या फळीवर असती तर तसल्या शेकडो मूर्तींमधली एक. कोल्हापुरात, इथल्या भांड्यांच्या सोबत मिळाली म्हणून ती सांगते की भूमध्य समुद्रापासून पंचगंगेपर्यंत माल येत होता. मूर्ती तीच, धातू तोच, वजन तेच. जागा कळली म्हणून ती बोलायला लागली. धातुशोधक यंत्र घेऊन रात्री शेतात फिरणारे लोक जेव्हा बकलं आणि नाणी उपसून पोत्यात भरतात, तेव्हा त्यांच्या हातून नेमकं हेच पुसलं जातं, आणि लॉट विकत घेणारा माझ्यासारखा गिऱ्हाईक त्यांना पैसे पुरवतो.

तसं पाहिलं तर बायझंटाईन जग आपल्यापासून फार लांब नव्हतं. जस्टिनियनच्याच काळात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा एक व्यापारी होऊन गेला, पुढे तो साधू झाला. त्याने आपल्या ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं दिली आहेत. त्यात 'कल्लिआना' आहे. बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. या कल्लिआनाहून काय निर्यात होतं? कॉस्मस सांगतो, तांबं, लाकूड आणि कापड. तांबं! माझा फसवणुकीचा धातू. पनवेलहून एसटीत बसलं तर तास-दीड तासात आपण कल्याणला. त्याच सहाव्या शतकात समोर घारापुरीला कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची चिल्लर चालत होती. अशी नाणी त्या बेटावर मोठ्या संख्येने सापडली आहेत, आणि लेण्यांवर राबणाऱ्यांना मजुरी म्हणून ती दिली असावीत असं काही अभ्यासकांना वाटतं. कॉन्स्टँटिनोपलचे सोन्याचे सॉलिडस तर दक्षिणेत पुष्कळ आले. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या अक्की-आलूरला जस्टिन बादशहापर्यंतची सोन्याची नाणी एकत्र मिळाली. एका रोमन पौंडात ७२, प्रत्येकी साडेचार ग्रॅम.

तर असं सगळं डोक्यात घेऊन मी शनिवारी घरी नेऱ्याला गेलो. नेरे कुठे म्हणाल तर पनवेलच्या पूर्वेला, गाढी नदीच्या काठी, जिथे शांतिवन आहे ते. मागे माथेरानचा डोंगर, बाजूला प्रबळगड. कौलारू घरं पडताहेत, टॉवर उभे राहताहेत. आमचंही जुनं घर पाडायचं ठरलं होतं, सामान काढायचं काम चालू होतं. आजीला ते नाणं दाखवलं आणि किंमत सांगितली (दोनशे सांगितली, सहाशे सांगायची हिंमत झाली नाही). आजी म्हणाली, "पोरा, पैसं देऊन आनलास? माल्यावर बघ, पोताभर परलाय."

माळ्यावर खरंच पोतं होतं. पितळेची घंगाळं, तांब्याचा बंब, कल्हई उडालेली तपेली, एक मोडक्या दांड्याची पळी, दोन अडकित्ते, एक चुनाळं, भल्या जाड किल्लीचं कुलूप, धान्याची मापं आणि चार लोखंडी वजनं. मी आजपर्यंत यातलं काहीही वस्तू म्हणून पाहिलं नव्हतं. अडगळ म्हणूनच पाहिलं होतं.

वजनांपासून सुरुवात केली, कारण तराजू हाताशी होता. सगळ्यात लहान नवटाक. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, शेराचे तोळे ८०, नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, दहा तोळे, ११६.६ ग्रॅम. भरलं ११५.२. गंजाचा हिशोब धरला तर झकास. पुढचा पावशेर. यायला पाहिजे २३३.३ ग्रॅम, आला २२१. बारा ग्रॅम कमी! मला एकदम उत्साह आला. पणजोबांचं किराणाचं छोटं दुकान होतं हे मला माहीत होतं. म्हणजे आमचे पूर्वज माप मारत होते की काय? बायझंटाईन राजधानीत दहाव्या शतकातल्या दुकानदारांच्या नियमांचं एक पुस्तक आहे, त्यात नगराधिकाऱ्याच्या शिक्क्याविना वजनं-काटे वापरले तर फटके आणि मुंडण अशी शिक्षा लिहिलेली आहे. मी पणजोबांचं मुंडण डोळ्यांसमोर आणलं.

मग वजन उलटं केलं. बुडाला एक भोक होतं. अशा लोखंडी वजनांना बुडाशी एक खळगा ठेवतात, त्यात शिसं ओतून वजन नेमकं जुळवतात आणि त्या मऊ शिशावर तपासनीस शिक्का मारतो. आमच्या पावशेरातलं शिसं गायब होतं. इंजेक्शनच्या सिरिंजने खळग्यात पाणी सोडून मोजलं, १.१ मिलिलिटर. शिशाची घनता ११.३. गुणाकार करा, १२.४ ग्रॅम. कमी पडत होते १२.३! सबमिशनमध्ये माझी एवढी जुळणारी रीडिंग कधीच आली नाहीत, खरं सांगतो, आणि आली तेव्हा ती मी शेजाऱ्याची उतरवलेली होती.

म्हणजे वजन कोणी कानसलेलं नव्हतं, फक्त शिसं गेलं होतं. पण ते पडलं, की कोणी काढलं? इथे घनता संपली. मी आजीला विचारलं.

"तुझ्या आज्यानं कारला," आजी सहज म्हणाली. "पागाला लावला."

पाग म्हणजे फेकायचं जाळं. त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या लावतात म्हणजे ते पाण्यात झटकन खाली बसतं. नवीन किलोची वजनं आली, शेर-पावशेर निकामी झाले, आणि आजोबांनी त्यातलं शिसं वितळवून गाढी नदीत मासे धरले. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा, बदल टप्प्याटप्प्याने १९६२ पर्यंत झाला. आपण पुस्तकात 'एस.आय. युनिट' म्हणून जे शिकतो ते आमच्या घरात असं आलं होतं. माझ्या हातातलं वजन बारा ग्रॅम कमी होतं आणि त्या बारा ग्रॅमची गोष्ट फक्त एका माणसाला माहीत होती, जी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. मी त्या दिवशी वही काढली.

आता माझा मूर्खपणाही सांगायला हवा. देव्हाऱ्यात टाकाच्या शेजारी एक काळी पडलेली शिवराई होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ती मी हॉस्टेलला आणली आणि चमकवावी म्हणून सौम्य नायट्रिक आम्लात सोडली. दोन मिनिटांत फेस आला, पाणी निळसर झालं, आणि नाणं बाहेर काढलं तेव्हा ते नवीन वायरसारखं गुलाबी झालं होतं. 'शिव' गेला होता. 'छत्र' अर्धं उरलं होतं.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण प्रत्येक घरात चिंच, लिंबू आणि ब्रासो घेऊन कोणीतरी बसलेलं असतंच. तांबं शंभर-दोनशे वर्षं हवेत किंवा मातीत राहिलं की त्याच्यावर आधी लालसर ऑक्साइडचा थर येतो, त्यावर काळा किंवा हिरवा. मूळ पृष्ठभाग, ज्यावर अक्षरं उठवलेली होती, तो आता त्या थराच्या आत आहे. अक्षरं धातूत उरलेली नसतात, ती गंजात असतात. आम्ल थर काढतं आणि थराबरोबर अक्षरंही नेतं. माती असेल तर शुद्ध पाणी, मऊ ब्रश, बांबूची काडी, भिंग आणि भरपूर कंटाळा, एवढीच सामग्री. अपवाद फिकट हिरव्या भुकटीचा. मिठाचा अंश आत राहिला असेल तर तांब्याचं क्लोराइड दमट हवेत फुटत जातं, त्यातून पुन्हा आम्ल तयार होतं, ते पुन्हा तांबं खातं, असं चक्र चालतं. त्याला कांस्यरोग म्हणतात. कोकणातला पावसाळा म्हणजे त्याला मेजवानीच. संग्रहालयांत बेंझोट्रायअ‍ॅझोल वापरून तो थोपवतात. आपण निदान वस्तू कोरडी ठेवायची. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या मिळतात त्या मी फ्लोअरवरून गोळा करतो. (यामुळे माझ्याबद्दल काही अफवा आहेत. त्या खोट्या आहेत.)

घरच्या वापरातल्या भांड्यांची गोष्ट मात्र वेगळी. घंगाळ दर सणाला राखेने आणि चिंचेने घासलेलंच असतं, घासणं हाच त्याचा इतिहास. तपेल्याच्या आत कथलाचा थर, तोही दरवर्षी नवा. कल्हईवाला भट्टी पेटवायचा, भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर निघायचा, आणि २३२ अंशाला वितळणारं कथील कापसाच्या बोळ्याने भांडंभर पसरायचा. नवसागराने ऑक्साइड निघतं म्हणून कथील धरतं. आपण सोल्डरिंगला फ्लक्स म्हणतो तेच. स्टील आलं आणि हे सगळं बंद पडलं.

स्टीलवरून आठवलं. या लेखाचं खरं कारण स्टीलच आहे.

आमच्या माळ्यावरच्या पोत्यात एक घागर असायला हवी होती. आजी म्हणाली, तिच्या सासूच्या लग्नातली, तांब्याची, गळ्याभोवती टिंबा-टिंबांनी नाव ठोकलेली. तुमच्याही घरी असतील बघा. भांडी घेतली की दुकानातच छिन्नीने नाव घालून मिळायचं, 'अमक्याकडून तमकीस सप्रेम भेट' आणि तारीख. घागर मिळेना. शेवटी कळलं, घर आवरताना दोन आठवड्यांपूर्वी काकूने नऊ भांडी मोडीवर देऊन स्टीलचे डबे घेतले होते. काकूची चूक काय? घर पाडायचं, नव्या फ्लॅटमध्ये घागर ठेवायची कुठे, आणि मोडवाला किलोचा भाव रोख लावतो. पण आजी त्या दिवशी जेवली नाही. तिच्या सासूचा फोटो नाही. सात-बाऱ्यावर बायकांची नावं तेव्हा घालत नसत. तिचं नाव, आणि माहेरच्यांचं नाव, कुठे लिहिलेलं होतं तर त्या घागरीच्या गळ्याला.

मी आणि चुलतभाऊ बाईक घेऊन निघालो. पहिल्या मोडवाल्याने माल पुढे दिला होता. दुसरा म्हणाला, गोदामात बघा. गोदामात पितळेचा आणि तांब्याचा जो ढीग होता तो मी विसरणार नाही. समया, हंडे, परात्या, देवांचे टाक, घंटा, सगळ्यांवर नावं. कोणाचं १९२८, कोणाचं १९४१, कोणाचं 'कै.' कोणाचं 'चि. सौ. कां.' आणि सगळं एकाच भावात, कारण वितळल्यावर नावाला वजन नसतं. बायझंटाईन शिशाच्या मोहरांवर लोक 'देवा, तुझ्या सेवकाला सांभाळ' असं लिहून पुढे आपलं नाव घालायचे. त्या मोहरा मोठमोठ्या संस्थांनी हजारोंनी जमवल्या, वाचल्या, छापल्या आहेत. आपल्याकडच्या घागरींवरची नावं कोणी छापली?

नऊपैकी दोन भांडी मिळाली. एक परात आणि घागर. घागर चेपलेली होती, पण गळा शाबूत. मोडीच्या भावातच घेतली, वर शंभर रुपये चहापाण्याला.

असलं वेड आपल्याकडे कोणी केलंच नाही असं नाही. पुण्याला बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, रविवारी वेळ असेल तर जरूर जा. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०), 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली, त्याही अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, वज्री, फण्या असल्या. लोक तलवारी मागत होते तेव्हा हे गावोगाव फिरून वज्री मागत होते. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि पुढे वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. अडकित्त्यांच्या कपाटासमोर मी पाऊण तास उभा होतो. लिव्हरचा एकच तत्त्वांश, आणि दांड्याला पोपट, घोडा, बाई, जोडपं, काय वाटेल ते.

दुसरं नाव रामलिंगप्पा लामतुरे यांचं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुन्या ग्रीक प्रवासवर्णनातलं 'तगर'. तिथल्या शेतांतून, पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू या गावकऱ्याने जन्मभर जमवल्या. त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळाली होती. लामतुरे पुरातत्त्व शिकलेले नव्हते. पण वस्तू गावातच राहिल्या, म्हणून पाँपेईची बाई कुठल्या प्रदेशाची असावी हे विचारता तरी आलं.

जाता जाता कायद्याचं, कारण हे वाचून कोणी फावडं घेऊन प्रबळगडावर निघेल. जमिनीत गाडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, हा कायदा १८७८ चा आणि अजून जिवंत आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांवरची वस्तू ही पुरावस्तू. तिचा धंदा करायला परवाना लागतो, ती खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही, आणि मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. किल्ल्यावर, लेण्यात, देवळाच्या आवारात काही दिसलं तर फोटो काढा आणि वस्तू तिथेच राहू द्या.

आणि फसवणुकीचं. मी सहाशेत सुटलो, लोक लाखांत अडकतात. रामदरबाराचं चित्र आणि १८१८ साल असलेली 'ईस्ट इंडिया कंपनीची' नाणी कंपनीने कधी पाडलीच नव्हती. त्याहून भारी म्हणजे 'राईस पुलर'. तांब्याचं जुनं भांडं, त्यात म्हणे इरिडियम, ते तांदूळ ओढून घेतं आणि अवकाश संस्था कोट्यवधी देतात! तांबं चुंबकाला विचारत नाही, तांदूळ तांब्याला विचारत नाही. तांदळात आधी लोहकीस भरलेला असतो आणि भांड्यात चुंबक. यात शिकलेली माणसं गेली आहेत, पोलिसांत गुन्हे झाले आहेत. घरी कोणी अशी गोष्ट घेऊन आलं तर तांदूळ आपल्या डब्यातला काढून द्या, एवढंच पुरे.

माझ्या वहीत आज त्रेसष्ट वस्तू आहेत. त्यातल्या विकत घेतलेल्या सातच. बाकीच्या ज्याच्या त्याच्या घरी आहेत, मी फक्त नोंद केली. एका वस्तूला एक पान. वरती आकडा आणि लोक तिला काय म्हणतात ते नाव (आमच्याकडे आणि देशावर नावं बदलतात, दोन्ही लिहायची). मग कोणाच्या घरात, कुठल्या गावात, त्यांच्याकडे कुठून आली. वजन, उंची, घेर. पाण्यातलं वजन जमलं तर. ठोकलेली अक्षरं जशीच्या तशी, चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा नाही. पट्टी शेजारी ठेवून फोटो. डाग दिलेला असेल, कान बदललेला असेल तर तेही. आणि सर्वांत शेवटी अर्धं पान मोकळं, ते त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी. बहुतेक वेळा तेच अर्धं पान कमी पडतं. कल्हईची तारीख, दुष्काळात गहाण टाकलं ते साल, कोणत्या सुनेने आपटलं ते, सगळं तिथे येतं.

हॉस्टेलमध्ये आपण विदर्भापासून सिंधुदुर्गापर्यंतचे लोक आहोत. दिवाळीला घरी जाल तेव्हा माळ्यावर चढा, भांड्यांच्या गळ्याशी बोट फिरवा आणि नावं-तारखा उतरवून आणा. मोबाईलवर फोटो चालेल, फक्त उजेड तिरका पडू द्या, टिंबं तिरक्या उजेडातच दिसतात. घासू नका. मी वही घेऊन मेसच्या बाहेर बसलेला असतो. तराजू सरांनी वर्कशॉपमध्ये ठेवू दिला आहे.

खोटा फॉलिस मी फेकला नाही. त्याचं पान क्रमांक १, 'ओतीव, जस्त-कथील, मुंबई, ६०० रुपये'. शिवराई क्रमांक २, 'अक्षरे माझ्या हातून गेली'. घागर क्रमांक १४. चेपलेली बाजू नेऱ्याच्या एका म्हाताऱ्या कारागिराने लाकडी ठोकणीने आतून उठवून दिली. 'सध्या कुठे आहे' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'संग्रह, रूम'. पुढच्या शनिवारी घरी गेलो तर आजीने ती नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत पाण्याने भरून ठेवली होती. रकाना खोडला आणि लिहिलं, 'वापरात, नेरे'.